ग्लेनार्विक बुडताना पाहिलेला माणूस

माझ्या सासूबाईंचे वडील मेले की नाही, हा प्रश्न त्यांच्या घरात साठ वर्षं तसाच पडून होता. २००५ साली ते असते तर नव्वदीच्या पुढे गेले असते, त्यामुळे ते कुठे जिवंत असतील असं सासूबाईंनाही वाटत नव्हतं. डोंबिवलीच्या शाळेत चौथीच्या मुलांना गणित शिकवण्यात जन्म गेलेली बाई ती, असल्या भ्रमात राहणारी नव्हे. पण वडील गेले असं त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही, त्यांचं श्राद्ध केलं नाही, सर्वपित्रीला त्यांच्या नावानं पान वाढलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "बोटीवर गेलेत." मी लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला हसू आलं होतं आणि ते त्यांनी पाहिलं होतं. पुढची दोन वर्षं त्याची फेड मी करत होते.

वडिलांचं नाव पुरुषोत्तम. जयगडच्या खाडीकाठचा माणूस. इंग्रजांच्या मालवाहू बोटींवर बॉयलरमध्ये कोळसा ओढायला कोकणातून गावंच्या गावं जायची, त्यांतला एक. अशा माणसाला आगवाला म्हणत. १९४४ साली, लढाई चालू असताना, तो 'ग्लेनार्विक' नावाच्या बोटीवर चढला. बोट मुंबईहून आफ्रिकेला निघाली आणि पोचली नाही. पावसाळा संपल्यावर बोटीच्या कंपनीच्या मुंबई ऑफिसातला एक कारकून गावात आला आणि बोटीचा काही पत्ता लागत नाही, माणसं गेली असंच समजा, असं सांगून गेला. पुरुषोत्तमच्या बायकोनं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आजीनं, त्याला एकच विचारलं. कुणी पाहिलं? कारकून म्हणाला, कुणीच नाही. आजी म्हणाली, मग मी मानत नाही.

आता आपल्याकडे याला तोड आहे. माणूस परागंदा झाला, प्रेत मिळालं नाही, तर बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, की तो माणूस मेला. बायकोनं कुंकू पुसायचं, मुलांनी श्राद्धाला लागायचं. बारा वर्षं झाल्यावर दीर भटजींना घेऊन दारात आले, तेव्हा आजीनं पळसाची पानं अंगणाबाहेर भिरकावून दिली. "पाहिलेला माणूस आणा," ती म्हणाली, "त्यानं माझ्या तोंडावर सांगू दे मेला म्हणून. मग गवताला आग लावा." गावानं तिला वेडी ठरवलं. सासूबाईंच्या लग्नात कन्यादानाला काका बसतो म्हणाले तर आजीनं बसू दिलं नाही. वडील आहेत, ते कामावर आहेत, असं म्हणून तिनं आपल्या शेजारच्या पाटावर नवऱ्याची टोपी ठेवली. व्याही मंडळी तोंडात पदर धरून हसत होती. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज अजून कडू व्हायचा.

आजी १९८१ साली वारली ती कपाळावर कुंकू घेऊन. सवाष्ण म्हणून मला पाठवा, हिरवी चोळी घाला, असं तिनं सांगून ठेवलं होतं, आणि सासूबाईंनी भटजींशी भांडून तसं केलं. त्याआधी आजीनं एकुलत्या एका लेकीकडून वचन घेतलं, की पाहिलेला माणूस भेटल्याशिवाय बाबांचा गवताचा माणूस जाळायचा नाही. हे वचन म्हणजे शुद्ध छळ होता, असं माझं मत होतं आणि आजही आहे. स्वतः वाट पाहायची ती पाहा, लेकीच्या गळ्यात कशाला बांधायची.

सासरे गेल्यावर २००३ मध्ये सासूबाई आमच्याकडे न्यूझीलंडला, लोअर हटला आल्या. मी आणि माझा नवरा सुशील दोघंही वेलिंग्टनला सरकारी ऑफिसांत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करत होतो. सकाळी वॉटर्लू स्टेशनवरून गाडी पकडायची ती संध्याकाळी परत. आमची मुलगी इरा आपल्या या आजीचं मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. त्यामुळे दिवसभर सासूबाईंना बोलायला कोण, तर शेजारचा आर्नो हार्म्स. ऐंशीचा, बायको गेलेली, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. पन्नास वर्षं त्याच घरात राहत होता आणि अख्खी गल्ली त्याला डच समजायची, कारण बायको डच होती. कुंपणावरून तो लिंबं द्यायचा, सासूबाई मेथी द्यायच्या. तो त्याच्या इंग्रजीत बोलायचा, त्या मराठीत, आणि दोघांचं उत्तम चालायचं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. माझ्यावरचा भार कमी.

२००५ च्या जानेवारीत हॉस्पिटलात सासूबाईंच्या हृदयाची तपासणी झाली. झडप निकामी झाली होती आणि ऑपरेशन सोसण्यासारखं उरलं नव्हतं. डॉक्टर फार गोड बोलत होता. सासूबाईंना त्याचं इंग्रजी कळलं नाही, तोंडावरून सगळं कळलं. घरी आल्यावर त्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही. वडिलांचं काढलं.

"मी गेले की बाबांना बोटीवरून उतरवणारं कोणी राहणार नाही," त्या सुशीलला म्हणाल्या. "तुला ते माहीत नाहीत. मला त्यांचा हात आठवतो. माझ्याबरोबर तेही अर्धवट राहतील."

सुशील म्हणाला, मग करूया की विधी, इथे शशिकांत आहे. शशिकांत म्हणजे आठवडाभर एका खात्यात डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी आपल्या लोकांकडे सत्यनारायणापासून बाराव्यापर्यंत सगळं करायचा. नातवाला, मुलीच्या मुलाला, अधिकार असतो म्हणे. पण सासूबाईंनी मान हलवली. आयेला शब्द दिलाय. पाहिलेला माणूस पाहिजे. साठ वर्षांनी, न्यूझीलंडमध्ये, कुठून आणायचा पाहिलेला माणूस? मी वैतागून उठून गेले. मरणाच्या दारात बसून एक बाई आपल्या बापाला मेला म्हणू शकत नाही, याचा मला संताप येत होता, आणि खरं म्हणजे रडू येत होतं.

योगायोगाच्या गोष्टी मला आवडत नाहीत. कुणी सांगितली असती तर मी ती ऐकून घेतली नसती. पण झालं ते असं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते आणि हार्म्स त्याच्या बाजूनं कुंपणाची वेल छाटत होता. त्यानं मला सहज विचारलं, तुझ्या सासूचं गाव समुद्रकाठी आहे का, ती सारखी वारा कुठला ते बघत असते. मी त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, मी इंग्रजीत सांगत गेले. गाव समुद्रावर. वडील बोटीवर. लढाईत बोट हरवली. कुठली बोट, त्यानं विचारलं. हे सासूबाईंना भाषांतराशिवाय कळलं. त्यांनी नाव सांगितलं. आयुष्यात जे मोजके इंग्रजी शब्द त्या स्वच्छ उच्चारायच्या त्यांत ते एक होतं. हार्म्सनं कात्री गवतात ठेवली आणि घरात निघून गेला. पुढे बरेच दिवस त्याचे पडदे बंद होते. मला वाटलं, म्हातारा आजारी पडला.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी स्टेशनवरून येताना तो आमच्या फाटकाशी उभा होता. दाढी वाढलेली. तो म्हणाला, मी डच नाही, जर्मन आहे. लढाईत पाणबुडीवर होतो. आमच्या पाणबुडीनं सगळ्या आयुष्यात एकच बोट बुडवली. तिचं नाव ग्लेनार्विक.

माझ्या हातात भाजीची पिशवी होती, ती मी खाली ठेवली. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, हे मी लपवत नाही. दोन वर्षं आमची मेथी खात होता. मग मी विचारलं, माणसं मेलेली पाहिलीस का तू. का विचारतेस, तो म्हणाला. मी त्याला आजीची गोष्ट सांगितली, गवताच्या माणसाची, वचनाची. तो फाटकाला धरून ऐकत होता. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "तिला काय ऐकायला हवंय ते मला सांग. मी ते सांगेन."

मोह झाला. एका खोट्या वाक्यानं सगळं सुटत होतं, आणि भाषांतर करायला मीच. पण सासूबाई काही लहान मूल नव्हत्या, आणि त्यांच्या बापाचं मरण माझ्या आणि याच्यामध्ये फाटकाशी ठरवायचं, हे मला घाण वाटलं. मी म्हटलं, "जे पाहिलंस ते सांग. त्यात कमीजास्त करू नकोस, मी करू देणार नाही."

सुशीलनं दुसऱ्या दिवशी ऑफिसातून इंटरनेटवर शोधलं. त्या पाणबुडीला नाव नव्हतंच, नुसता आकडा होता, आणि तिच्यावर जेमतेम अर्धं पान मजकूर होता. बांधली कधी, निघाली कधी, बुडवलेली जहाजं एक, ग्लेनार्विक. शेवटी, सर्व माणसांसह बेपत्ता, कारण अज्ञात. हार्म्स खोटं बोलत नव्हता. सुशीलनं आईला सगळं नीट सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "अबोली, त्याला बोलाव. आणि चहा ठेव."

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी दोघांच्या मध्ये बसले. पहिल्यांदा तो पाणबुडीबद्दलच बोलत राहिला. मुद्द्याकडे यायला भीत होता, पण सासूबाईंनी मला घाई करू दिली नाही. ब्रेमेनला ती बांधली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. चढलेले सगळे तसलेच, मिसरूड न फुटलेले, आणि कप्तान सव्वीसचा. त्याच्याखालच्या बिछान्यावर योहान नावाचा त्याच्याच गावचा मुलगा, शाळेपासूनचा मित्र. बिछाने कमी होते, एक उठला की त्याच्या उबेत दुसरा झोपायचा. थंड समुद्रात काही महिने शिकले आणि मग आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात पाठवले गेले. तो प्रवासच महिनोन्महिने. आत इतकी उष्णता, की पावाला हिरवी बुरशी आणि अंगाला गळवं. वर विमानांची भीती, म्हणून दिवसाचे तास पाण्याखाली, एकमेकांचा घाम हुंगत. लढाई कशाला म्हणतात ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, असं तो म्हणाला. नुसतं भिणं आणि खाजवणं. इतक्या लांब आले आणि एक जहाज दिसलं, आफ्रिकेच्या बाजूला जाणारं, एकटं. तारीख त्याला पक्की आठवत होती. त्या दिवशी तो वीस वर्षांचा झाला होता आणि आचाऱ्यानं केक करायचं कबूल केलं होतं.

सकाळी त्यांनी दोन पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडले. एक पुढच्या भागात लागला, एक वायरलेसच्या खोलीखाली. जहाज लवकर गेलं. पाणबुडी वर आली, कारण बुडालेल्या जहाजाचं नाव कप्तानाला नोंदवायचं होतं. पाण्यावर एक होडी होती. तीत हिंदी माणसं होती आणि एक जखमी गोरा.

सासूबाईंनी इथे पहिल्यांदा तोंड उघडलं. आगवाले वर आले होते का, त्यांनी विचारलं. हार्म्स म्हणाला, हो, चार-पाच जण कोळशानं काळे होते, नुसते डोळे दिसत होते. त्यांतला तुझा बाप कुठला, ते मला सांगता येणार नाही. मी तोंडं नीट बघितली नाहीत.

मग त्यानं उरलेलं सांगितलं. कप्तानानं ओरडून नाव विचारलं, होडीतून नाव आलं. पाणी आहे का, त्यानं विचारलं. पिंप फुटलं, असं उत्तर आलं. तेव्हा योहाननं खालून पाण्याचा डबा वर दिला आणि तो हार्म्सनं घेतला. तो डबा घेऊन कडेला गेला. होडीतला एक काळा झालेला माणूस उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. होडी इतकी जवळ होती, की आणखी जरा वाकला असता तर डबा हातात गेला असता. कप्तानानं आकाशाकडे पाहिलं. मदत करायची नाही असा वरून हुकूम होता, आणि विमान येईल अशी भीती होती. तो म्हणाला, डबा आत न्या.

"मी आत नेला," हार्म्स म्हणाला. "तो माणूस तसाच उभा होता, हात पुढे करून. त्याला वाटलं मी आणखी काही आणायला गेलो. आम्ही निघालो तेव्हा ते सगळे जिवंत होते. मी कुणाला मरताना पाहिलं नाही. पण जवळपास जमीन नव्हती आणि पाणी नव्हतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं."

मी शब्दाला शब्द सांगितला.  संध्याकाळी केक झाला का, असं सासूबाईंनी विचारलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं. तो म्हणाला, झाला, आणि मी खाल्ला.

सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आये वेडी नव्हती. ते जिवंतच होते." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आईवर साठ वर्षं जो राग धरला होता तो सगळा त्यात होता. टोपी, पाट, हसणारे व्याही, सगळं. मी त्यांना धरलं. हार्म्स उठू लागला, तर त्यांनी त्याला हातानं बसवलं.

मला वाटलं होतं, सगळं मुसळ केरात. मेलेलं पाहिलंच नाही, तर वचन कसं सुटणार. पण सासूबाईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "त्याला सांग, बाबा त्याच दिवशी गेले. डबा आत नेला तेव्हा. पुढचे किती दिवस होडी तरंगली ते माझ्या बाबांच्या मरणात धरायचं नाही, ते दिवस याच्या माथी. पाहिलेला माणूस मला मिळाला. तिथी काढायला सांग शशिकांतला."

मी हे सांगितलं. हार्म्सनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "फेअर इनफ."

जाता जाता दाराशी तो थांबला. त्या पाणबुडीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नव्हतं, त्यानं आपण होऊन सांगितलं. ती जपान्यांच्या ताब्यातल्या पिनांग बंदरात पोचली. तिथे त्याला रक्ताची हगवण लागली, तो हॉस्पिटलात राहिला आणि बाकीचे रबर आणि कथिल भरून घरी निघाले. योहान धक्क्यावरून हात करत गेला. त्यानंतर त्यांची एकही तार आली नाही. बंदरातून हाका मारत राहिले, उत्तर नाही. कुणी म्हणतं सुरुंग, कुणी विमान, कुणी म्हणतं आतच काही फुटलं. कुठे गेली, कुठल्या दिवशी गेली, कुणीही पाहिलं नाही. लढाई संपल्यावर तो गावी गेला, तर योहानची आई दर रविवारी त्याच्या घरी यायची आणि विचारायची, तू पाहिलंस का त्याला मेलेला. नाही पाहिलं म्हटलं की जेवायला योहानचं ताट मांडायची. ते सहन होईना, म्हणून नकाशात सर्वांत लांब जे दिसलं तिकडे तो निघून आला. मग त्यानं मला विचारलं, तुमच्यात त्यांच्यासाठी काही असतं का. पन्नासावर मुलं होती, त्यांचं कुणीच काही केलं नाही.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती आपली माणसं नाहीत." हे भाषांतर मी केलं नाही. त्यांच्या आवाजावरून त्याला कळलं.

शशिकांतनं त्याच्या कॉम्प्युटरवर पंचांग काढलं. ज्येष्ठ वद्यातली तिथी निघाली. सासूबाई बोटांवर मोजून म्हणाल्या, म्हणजे वटपौर्णिमा नुकतीच झाली होती, आयेनं वडाला फेरे घातले होते त्याला पंधरवडाही झाला नव्हता. 

त्या वर्षी ती तिथी जुलैच्या सुरुवातीला येत होती. पळसाची पानं भारतातून मागवली तर विमानतळावरचे लोक आत येऊ देत नाहीत, दर्भाचंही तेच. शशिकांतनं बरीच पुस्तकं चाळली आणि शेवटी हट नदीच्या काठचं टोएटोए गवत चालेल असं ठरवलं. ते आपल्या काशासारखं दिसतं, पांढऱ्या तुऱ्यांचं, दर्भ नसेल तर काश चालतो. त्याची पात धारदार, तोडताना सुशीलची बोटं कापली. सासूबाईंनी स्वतः बसून माणूस बांधला. डोकं, छाती, दोन हात. हात बांधताना त्या फार वेळ घेत होत्या. हार्म्सनं मला विचारलं होतं, मी लांब उभा राहिलो तर चालेल का. सासूबाई नको म्हणाल्या होत्या, आणि तो निरोप मलाच द्यावा लागला होता.

मागच्या अंगणात, अर्ध्या कापलेल्या पिंपात, सुशीलनं आजोबांना अग्नी दिला. गवत ओलसर होतं, आधी नुसता धूर झाला, मग एकदम पेटलं. सासूबाई 'बाबा' म्हणून एकदाच ओरडल्या. सहा वर्षांच्या पोरीसारख्या ओरडल्या. बोटीवर चढणाऱ्या माणसाला तेव्हा मारायची राहून गेलेली हाक असावी ती. शेजारी हार्म्सचे पडदे बंद होते.

तर्पणासाठी पिटोनीच्या किनाऱ्यावर गेलो. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, कुत्री फिरवणारे लोकसुद्धा नव्हते. सुशील सोवळ्यावर जाकीट घालून पाण्यात घोट्याइतका उभा होता, सासूबाई माझ्या खांद्याला धरून. पुरुषोत्तमला पाणी दिलं. आजीला दिलं, त्यांच्या आईवडिलांना दिलं. मग शशिकांत म्हणाला, आता शेवटची ओंजळ, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी.

"यात कोण येतं?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळे, काकू. आपले, परके, मित्र, वैरी. ज्यांचं करणारं मागं कोणी नाही ते सगळे."

"पाण्यात बुडालेले?"

शशिकांतला पाणबुडीचं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "हो, तेही आलेच."

सासूबाईंनी पाण्यात पाऊल टाकून सुशीलचं मनगट धरलं. "मग नको," त्या म्हणाल्या. "थांबव."

शशिकांत गडबडला. म्हणाला, काकू, ही ओंजळ दिल्याशिवाय तर्पण पुरं होत नाही. आजोबांना दिलेलंही मग अर्धवटच राहतं. सासूबाईंचे ओठ थंडीनं की कशानं निळे पडले होते. "त्यांनी दिलं नाही ते मी द्यायचं?" त्या म्हणाल्या. शशिकांतला त्यांनी विचारलं नव्हतं, मलाही नाही. सुशील ओंजळ तशीच धरून उभा होता आणि पाणी बोटांमधून गळत होतं. मला वाटलं, आता या बाई परत फिरणार आणि साठ वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. त्यांचं हृदय जेमतेम चालत होतं, मी त्यांना ओढून गाडीत बसवायच्या बेतात होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी मनगट सोडलं. "दे," त्या सुशीलला म्हणाल्या. "पण माझ्या वतीनं नको. तुझ्या वतीनं दे."

सुशीलनं वाकून नवी ओंजळ भरली. सोडण्याआधी त्यांनी त्याला पुन्हा थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, त्या मित्राचं नाव काय होतं. योहान, मी म्हटलं. नाव घेऊन दे, त्या म्हणाल्या. सुशीलनं नाव घेतलं आणि पाणी सोडलं.

गाडीत बसल्यावर मी हीटर लावला, त्यांचे पाय माझ्या मांडीवर घेऊन चोळले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोप लागली, तर म्हणाल्या, "शेजारच्याला हे सांगायचं नाही."

मी म्हटलं, "आई, त्याला किती बरं वाटेल."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांची बाजूही कळत होती. मी शब्द दिला. त्यानंतर रोज सकाळी स्टेशनवर जाताना हार्म्स मला त्याच्या खिडकीत दिसायचा. एकदा त्यानं बाहेर येऊन विचारलं, सगळं नीट पार पडलं का. मी हो म्हटलं आणि गाडी चुकेल म्हणून पळाले. ऑगस्टच्या शेवटी तो वारला.